मौज त्याची, मोल तिचं

मराठीत सुखासाठी शब्दांची वाण नाही. मजा आहे, मौज आहे, चैन आहे, हौस आहे, शौक आहे. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या गल्लीतून आलेला. मौज संध्याकाळपुरती असते, चैनीला पैशाचा वास येतो, शौक एकदा लागला की सुटत नाही आणि हौसेला मोल नसतं असं आपण सर्रास म्हणतो. फ्रेंच भाषेत ‘प्लेझीर’ म्हणून एक शब्द आहे. तो या सगळ्या गल्ल्यांतून हिंडतो, पण ‘सुख’ नावाच्या घराशी आला की दारातच थबकतो. सुखासाठी फ्रेंचांकडे निराळा शब्द आहे, ‘बोनर’. या दोन शब्दांमध्ये अंतर किती आणि ते तुडवताना दमतं कोण, हा प्रश्न विचारणारा एक चित्रपट १९५२ साली पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. त्याचं नावच मुळी ‘ल प्लेझीर’. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

दिग्दर्शक माक्स ओफ्युल्स. कथा गी द मोपासां या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कथाकाराच्या. तीन कथा, तिन्ही स्वतंत्र, पात्रं निराळी, गावं निराळी. त्यांना बांधणारा धागा म्हणजे निवेदकाचा आवाज. चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर चित्र नसतं, नुसता काळोख असतो आणि त्यातून एक पुरुष बोलू लागतो. आपण स्वतः मोपासां आहोत आणि आपल्या जुन्या गोष्टी आजच्या माणसांना ऐकवायच्या म्हणून जरा धाकधूक वाटते आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. मूळ फ्रेंच आवृत्तीत हा आवाज झाँ सर्व्हे या नटाचा आहे, इंग्रजी आवृत्तीत पीटर युस्टिनॉव्हचा आणि जर्मन आवृत्तीत अँटन वॉलब्रुकचा.

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही सुरुवात जवळची वाटावी यात नवल नाही. चेहरा दिसत नाही, फक्त आवाज पोचतो आणि ऐकणारा काळोखात आपलं चित्र काढू लागतो. ओफ्युल्सला ही किमया ठाऊक होती, कारण तो नाटक-सिनेमाइतकाच रेडिओचाही माणूस होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी त्याने फ्रान्समधून जर्मन श्रोत्यांसाठी हिटलरविरोधी कार्यक्रम केले आणि युद्धानंतर जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या नभोवाणी केंद्रासाठी श्रुतिकाही केल्या.

त्याची हकिगत सांगायला हवी, कारण ती कळल्याशिवाय हा चित्रपट नुसता देखणा वाटून विसरला जाण्याची भीती आहे. ओफ्युल्सचा जन्म १९०२ साली जर्मनीतल्या सारब्र्युकन गावी, कापडाचा व्यापार करणाऱ्या एका ज्यू घरात झाला. खरं आडनाव ओपनहायमर. पोरगा नाटकात पडला आणि आपटला तर घराण्याच्या नावाला बट्टा नको, म्हणून त्याने रंगभूमीसाठी ‘ओफ्युल्स’ हे नाव घेतलं. नाटकांत नाव झालं, मग तो सिनेमाकडे वळला. आर्थर श्निट्झलरच्या नाटकावर त्याने केलेला ‘लीबेलाय’ हा चित्रपट १९३३ साली आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनमध्ये राइशस्टाग, म्हणजे तिथलं संसदभवन, जळालं. ओफ्युल्सने काय ओळखायचं ते ओळखलं आणि बायकोमुलासह फ्रान्स गाठला. पुढे जर्मनीत ‘लीबेलाय’ दाखवला जाई, पण त्याच्या श्रेयनामावलीतून ओफ्युल्सचं नाव काढून टाकलेलं असे. चित्रपट हवा होता, तो करणारा नको होता.

१९३८ साली त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळालं. दोनच वर्षांत फ्रान्स पडलं आणि पुन्हा पळणं आलं. १९४१ साली तो अमेरिकेत पोचला. हॉलिवुडमध्ये त्याला कित्येक वर्षं काम मिळालं नाही. १९४७ नंतर त्याने तिथे चार चित्रपट पुरे केले. त्यांतला श्टेफान त्स्वाइगच्या कथेवरचा ‘लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन’ आज अभिजात मानला जातो. तिथल्या पडद्यावर त्याच्या नावातलं एक अक्षर गळून ‘ओपल्स’ झालं होतं. युद्धानंतर तो फ्रान्सला परतला आणि १९५० ते १९५५ या काळात त्याने चार चित्रपट केले: ‘ला रोंद’, ‘ल प्लेझीर’, ‘मादाम द’ आणि ‘लोला माँतेस’. १९५७ साली हाम्बुर्गला तो वारला. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचाही झालेला नव्हता. दोनदा घर सुटलेला, नाव पुसलं गेलेला, दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय ते जाणणारा हा माणूस. हे दाराबाहेर उभं राहणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता कथाकाराकडे वळू. मोपासांचा जन्म १८५० सालचा, नॉर्मंडीतला. ‘मादाम बोव्हारी’कार फ्लोबेरच्या हाताखाली तो लिहायला शिकला, सरकारी कचेरीत कारकुनी करत राहिला. १८८० साली ‘बूल द स्वीफ’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत त्याने सुमारे तीनशे कथा लिहिल्या, त्याही बहुतेक वर्तमानपत्रांसाठी. नदीत नाव वल्हवणं, मित्रांच्या मैफली आणि बायका हे त्याचे शौक. त्यांपैकी शेवटच्या शौकाने त्याला तरुणपणीच उपदंशाचा रोग दिला. १८९२ च्या जानेवारीत त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, मग त्याला पॅरिसच्या एका मनोरुग्णालयात ठेवलं आणि ६ जुलै १८९३ रोजी तो तिथेच गेला. त्रेचाळीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. म्हणजे मौजेचं मोल द्यावं लागतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पण हे मोल नेहमी मौज करणाराच देतो का? त्याच्या कथा वाचल्या तर उत्तर ‘नाही’ असं येतं आणि ओफ्युल्सने नेमक्या तशाच तीन कथा निवडल्या.

पहिली कथा ‘मुखवटा’, १८८९ सालची. पॅरिसमधलं एक नृत्यगृह. दिवे, वाद्यं, घागऱ्यांचा सळसळाट. कॅमेराही नाचणाऱ्यांबरोबर असा गरगर फिरतो की आपल्यालाच घेरी येईल. इतक्यात एक तरुण आत शिरतो आणि बेभान नाचू लागतो. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र आहे, चकचकीत, निर्जीव. नाचता नाचता तो कोसळतो. डॉक्टर धावतो, चेहऱ्याला हात लावतो तर तो मुखवटा! तो कापून काढल्यावर आत निघतो एक म्हातारा, सुरकुतलेला, धापा टाकणारा. डॉक्टर त्याला घरी पोचवतो. घर गरिबाचं. दार उघडते त्याची बायको.

ती शांतपणे सगळं सांगते. नवरा एके काळी देखणा केशभूषाकार होता, नट्यांचे केस करायचा, बाया त्याच्यावर जीव टाकायच्या आणि तो घरी येऊन ते सगळे पराक्रम बायकोलाच ऐकवायचा. मग वय झालं. ते त्याला सोसवेना, म्हणून हा मुखवटा. मोपासांच्या कथेत ती बाई कबूल करते की नवऱ्याच्या डोक्यावर पहिला पांढरा केस दिसला तेव्हा तिला आनंद झाला होता. आता तरी हा माझा, असा तो आनंद. किती लहान आणि किती भयंकर गोष्ट आहे ही! नवऱ्याच्या म्हातारपणाची वाट पाहत एका बाईचं तारुण्य सरलं. आणि म्हातारपण आलं तर त्याने मुखवटा घातला.

तिच्या जागी दुसरी असती तर सोडून गेली असती, असं आज कुणीही म्हणेल. फ्रान्समध्ये घटस्फोटाचा कायदा क्रांतीच्या काळात आला होता, तो १८१६ साली रद्द झाला आणि १८८४ साली पुन्हा आला, म्हणजे ही कथा छापून येण्याआधी फक्त पाच वर्षं. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीविना नोकरी धरण्याचा हक्क तर फ्रान्समध्ये १९६५ साली मिळाला. स्त्रियांना मताचा अधिकार १९४४ साली मिळाला आणि त्यांनी पहिलं मत १९४५ साली टाकलं. हा चित्रपट आला तेव्हा त्या देशातल्या बाईला मतदार होऊन सातच वर्षं झाली होती. क्रांतीच्या, समतेच्या देशातली ही गोष्ट. ओफ्युल्स यातलं काही सांगत नाही. नाचगाण्यात गरगरणारा कॅमेरा त्या गरिबाच्या खोलीत आला की शांत होतो, एवढंच तो करतो. मौजेची खोली आणि मोलाची खोली यांतला फरक आपल्याला तेवढ्यानेच कळतो.

दुसरी कथा सर्वांत मोठी, चित्रपटाचा गाभा म्हणावी अशी. ‘तेलिएबाईंचं घर’, १८८१ सालची. मोपासांने ती रशियन लेखक तुर्गेनेव्हला अर्पण केली होती. फेकाँ हे नॉर्मंडीतलं बंदराचं गाव. तिथे तेलिएबाई एक कुंटणखाना चालवतात. खाली खलाशांसाठी गुत्ता, वर प्रतिष्ठितांसाठी दिवाणखाना. वर येणारे कोण? माजी महापौर, मासळीचा व्यापारी, कर गोळा करणारा अधिकारी, सावकाराचा मुलगा. सगळे घरंदाज, मध्यरात्रीच्या आत घरी परतणारे. एका शनिवारी घराला कुलूप दिसतं. गावाची घडीच विसकटते. खलाशी मारामाऱ्या करतात, प्रतिष्ठित मंडळी समुद्रावर जाऊन एकमेकांवर खेकसतात. शेवटी एकाला दारावरची पाटी दिसते. घर बंद आहे, कारण तेलिएबाईंच्या भाचीचा प्रथम कम्युनियनचा विधी आहे. ख्रिस्ती घरात मूल जाणतं झालं की पहिल्यांदा प्रभुभोजनाचा प्रसाद घेतं, तो हा सोहळा.

बाईंचा भाऊ खेड्यात सुतार. घरातल्या पाच मुलींना मागे एकट्या ठेवता येत नाही म्हणून बाई त्यांनाही बरोबर घेतात आणि रेल्वेने निघतात. पुढे भाऊ घोडागाडी घेऊन स्टेशनवर येतो. भडक टोप्या, रंगीत झगे घातलेल्या या बाया हिरव्या शेतांतून जाऊ लागतात. गावकऱ्यांना वाटतं, शहरातल्या कुणी थोर बायका आल्या. रात्री शेतातली ती शांतता त्यांना झोपू देत नाही. रोझाला शेजारी कुणाचं तरी रडणं ऐकू येतं. ज्या लहानग्या मुलीचा दुसऱ्या दिवशी विधी आहे ती एकटी झोपायला घाबरते आहे. रोझा तिला उचलून आपल्या कुशीत घेते.

सकाळी चर्चमध्ये पांढऱ्या वेशातल्या मुलांची रांग चालू लागते आणि रोझाला आपलं बालपण आठवतं, तिला रडू कोसळतं. तिच्या शेजारची रडते, मग पुढची, मग गावातल्या बाया, मग पुरुष. सारं चर्च हुंदके देऊ लागतं. पाद्रीबाबांना वाटतं, आज देवच आपल्यात उतरला. लांबून आलेल्या या भगिनींच्या श्रद्धेचे ते जाहीर आभार मानतात. या प्रसंगाची थट्टा करणं किती सोपं होतं! मोपासांच्या लेखणीत त्या थट्टेची छटा आहेच. ओफ्युल्सच्या पडद्यावर ती हळूहळू विरघळते आणि उरतात फक्त रडणाऱ्या बाया. त्यांच्या रडण्यात खोटं काहीच नाही.

या घराच्या मागे एक इतिहास आहे. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळापासून सरकारमान्य कुंटणखान्यांची व्यवस्था चालत आली होती. बाईची नोंद पोलिसांत, तिची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सक्तीची, नोंद चुकवली तर तुरुंग. गिऱ्हाइकाची नोंद कुठेच नाही, त्याची तपासणीही नाही. रोग पसरतो तो बाईमुळे, असं गृहीत धरूनच सगळी यंत्रणा उभारलेली. वरच्या मजल्यावरचा महापौर आपल्या नावाने परत जातो, रोझाचं नाव मात्र पोलिसांच्या दप्तरात कायमचं पडतं. जर्मन ताब्याच्या काळात पॅरिसमधली काही घरं जर्मन अधिकाऱ्यांसाठी राखीव झाली. युद्ध संपल्यावर या व्यवस्थेविरुद्ध मार्त रिशार नावाच्या नगरसेविकेने आवाज उठवला. तरुणपणी खुद्द तिचंच नाव अशा नोंदवहीत चढलं होतं. १३ एप्रिल १९४६ रोजी कायदा झाला आणि देशभरातली सुमारे चौदाशे घरं बंद झाली. तरीही बायांची आरोग्यनोंद नव्या रूपात चालूच राहिली, ती गेली १९६० साली.

म्हणजे ओफ्युल्स हा चित्रपट करत होता तेव्हा तेलिएबाईंचं घर खरोखरच बंद झालेलं होतं. थिएटरात बसलेल्या कित्येक प्रौढ पुरुषांनी तशी घरं आतून पाहिलेली असणार आणि त्यातल्या काहींच्या मनात त्यांची हुरहुरही असणार. इथे दिग्दर्शक काय करतो? त्याचा कॅमेरा त्या घराचा उंबरठाच ओलांडत नाही. तो भिंतीवरून वर चढतो, एका खिडकीतून दुसरीकडे सरकतो, झडपांच्या फटींतून आत डोकावतो, दिवे दिसतात, हसणं ऐकू येतं, पण तो आत जात नाही. चित्रपटाचे अभ्यासक या दृश्यांविषयी सत्तर वर्षं लिहीत आले आहेत. कुणी त्यात छायाचित्रकार क्रिस्तियाँ मात्राचं कसब पाहिलं, कुणी सेन्सॉरची चतुर हुलकावणी पाहिली. मला त्यात एक सभ्यपणा दिसतो. ज्या घरात प्रत्येक येणारा पैसे मोजून हक्काने आत जातो, तिथे हा एक माणूस बाहेर उभा राहतो. त्या बायांना तो भेटतो ते त्या घराबाहेर पडल्यावर: रेल्वेत, घोडागाडीत, फुलांच्या माळावर, चर्चमध्ये. जिथे त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही, तिथे.

त्या घोडागाडीत बसलेल्या नटांची हकिगतही मोठी विलक्षण आहे. गाडी हाकणारा सुतार म्हणजे झाँ गाबँ. तो युद्धकाळात हॉलिवुडमधलं काम सोडून स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात दाखल झाला आणि रणगाडा दलात लढला. रोझाच्या भूमिकेत दानिएल दारिय. तिने युद्धकाळात जर्मन मालकीच्या कंपनीच्या चित्रपटांत काम केलं होतं आणि १९४२ साली फ्रेंच कलावंतांच्या एका तुकडीबरोबर बर्लिनचा रेल्वेप्रवास केला होता. तिचा होणारा नवरा तेव्हा जर्मनांच्या स्थानबद्धतेत होता. तेलिएबाई झाल्या होत्या मादलेन रनो, फ्रेंच रंगभूमीच्या थोर अभिनेत्री. आणि या सगळ्यांना सूचना देणारा दिग्दर्शक कोण, तर जर्मनीतून हाकललेला ज्यू. लढलेला, तडजोड केलेली आणि पळून वाचलेला अशी तिघं माणसं १९५१-५२ साली एकाच कामावर हजर होती. कोण चुकलं, कोण बरोबर, याचे हिशेब त्या काळी फ्रान्सच्या घराघरांत चालले होते. या चित्रपटात एकही पात्र दुसऱ्याचा न्याय करायला बसत नाही, याचा अर्थ मला या माहितीनंतर अधिक उमगला.

गाडी परत फिरते. बाया फेकाँला येतात, दिवे लागतात, गिऱ्हाइकं धावत येतात. कथेत त्या रात्री तेलिएबाई शँपेनची बाटली दहा फ्रँकांऐवजी सहा फ्रँकांना देतात. चर्चमधले अश्रू आणि चार फ्रँकांची सूट. एका दिवसाच्या सुटीचा ताळेबंद असा लागतो. झडपा पुन्हा बंद होतात आणि आपण कॅमेऱ्यासोबत बाहेरच राहतो.

तिसरी कथा ‘मॉडेल’, १८८३ सालची. खरं म्हणजे ओफ्युल्सच्या मनात तिसरी कथा वेगळी होती, मोपासांचीच ‘पोलची बायको’. तिच्यात आपली प्रेयसी दुसऱ्या स्त्रीच्या प्रेमात पडलेली पाहून एक तरुण नदीत जीव देतो. ती बाजूला पडली आणि ‘मॉडेल’ आली. गंमत अशी की त्याच टाकून दिलेल्या कथेचा आधार झाँ-ल्युक गोदारने १९६६ सालच्या ‘मास्क्युलँ फेमिनँ’साठी घेतला.

‘मॉडेल’मध्ये एक चित्रकार आपल्यासमोर बसणाऱ्या जोसेफीनच्या प्रेमात पडतो. दानिएल जेलँ आणि सिमोन सिमाँ यांनी या भूमिका केल्या आहेत. चित्रांवर चित्रं होतात, ती विकली जातात. मग कंटाळा, भांडणं, आदळआपट. तो घर सोडून मित्राकडे जाऊन राहतो. ती शोधत येते, म्हणते, सोडलंस तर खिडकीतून उडी टाकीन. तो म्हणतो, टाक. आणि ती टाकते. दोन्ही पाय मोडतात. तो तिच्याशी लग्न करतो. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष चाकांच्या खुर्चीत बसलेल्या बायकोला ढकलत नेतो. दोघंही बोलत नाहीत.

मोपासांच्या कथेत ही हकिगत सांगणारा मित्र एकूण स्त्रीजातीबद्दल बराच कुत्सित सूर लावतो. त्या काळच्या पुरुषी बैठकीतला तो सूर आहे. ओफ्युल्सने त्याला उत्तर दिलं आहे ते शब्दांनी दिलेलं नाही. जोसेफीन वळते आणि जिन्याने वर धावते, तेव्हा ती आपल्याला दिसेनाशी होते, कारण कॅमेराच जोसेफीन होतो. पायऱ्या चढतो आपण, खिडकी उघडतो आपण आणि खाली कोसळतोही आपणच. पहिल्या कथेत कॅमेरा पुरुषाच्या मौजेबरोबर नाचला. दुसऱ्या कथेत तो बायांच्या दाराबाहेर अदबीने थांबला. तिसऱ्या कथेत तो एका बाईच्या डोळ्यांत शिरला. ज्या क्षणी मौजेचं मोल चुकतं होतं, नेमक्या त्या क्षणी ‘टाक उडी’ म्हणणाऱ्या पुरुषाच्या शेजारी उभं राहण्याची सोय त्याने आपल्याला ठेवली नाही. तीन कथांचा हा चित्रपट एकसंध होतो तो माझ्या मते या प्रवासामुळे.

त्या काळी सगळ्यांना हे जाणवलं असं नाही. ओफ्युल्स म्हणजे जिने, आरसे, झुंबरं, दागिन्यांच्या पेटीसारखा सिनेमा, असं म्हणणारे पुष्कळ होते. ‘ल प्लेझीर’च्या कलादिग्दर्शनाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. नीतिरक्षकांचा रागही त्याला नवा नव्हता. आधीच्या ‘ला रोंद’वर न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने अनैतिक म्हणून बंदी घातली होती. ती १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली. त्याच वर्षी तरुण फ्रान्स्वा त्रुफोने साहित्यकृतींच्या गुळगुळीत चित्रपट-रूपांतरांवर घणाघाती लेख लिहिला, पण ज्यांना तो खरे चित्रकर्ते मानत होता त्यांच्या यादीत ओफ्युल्सचं नाव होतं. पुढे गोदारने ‘ल प्लेझीर’ला युद्धोत्तर काळातला सर्वश्रेष्ठ फ्रेंच चित्रपट म्हटलं. म्हणजे जुन्या कथांवरचा, झालरींनी नटलेला हा चित्रपट नव्या बंडखोर पोरांनी डोक्यावर घेतला.

मराठी वाचकाला मोपासां परका नाही. आपल्याकडे लघुकथेची चर्चा रंगू लागली तेव्हापासून चेकॉव्ह, ओ. हेन्री आणि मोपासां ही नावं एका दमात घेतली जातात. त्याची हिऱ्यांच्या हाराची गोष्ट अनेकांनी कॉलेजच्या इंग्रजी पुस्तकात वाचलेली असेल. मला मात्र तेलिएबाईंच्या घराशी आल्यावर हटकून मंटो आठवतो. सआदत हसन मंटो मुंबईत राहून उर्दूत लिहीत होता आणि त्याच्या कथांची तुलना मोपासांच्या कथांशी नेहमीच होत आली आहे. त्याच्या ‘हतक’मधली सौगंधी मुंबईतली. पुण्याचा म्हणवणारा माधो हवालदार तिच्याकडे येतो, प्रेमाच्या गप्पा मारतो आणि जाताना तिच्याकडूनच पैसे घेऊन जातो. मौज त्याची, मोल तिचं. याचा अस्सल मुंबईतला दाखला इथे मिळतो. मंटोवर अश्लीलतेचे खटले झाले. मोपासांवरही १८८० साली एका कवितेपायी खटला भरला गेला होता, तो पुढे मागे घेण्यात आला. फ्लोबेर १८५७ साली ‘मादाम बोव्हारी’साठी कोर्टात उभा होता. मौज करणाऱ्यांवर खटला झाल्याचं क्वचितच ऐकू येतं, मोल मोजणारीची गोष्ट लिहिणाऱ्याला मात्र समन्स येतं.

चित्रपटाच्या शेवटी त्या किनाऱ्यावर दोन माणसं बोलत असतात. एकाला ही सगळी हकिगत उदास वाटते. दुसरा त्याला समजावतो की चित्रकाराला प्रेम मिळालं, कीर्ती मिळाली, पैसा मिळाला, मग हे सुखच नव्हे का? पहिला तरीही पटवून घेत नाही, तेव्हा दुसरा जे म्हणतो त्याचा आशय असा की सुख ही काही हसतीखेळती गोष्ट नसते. या शेवटाला पुष्कळांनी तत्त्वज्ञान मानून दाद दिली आहे. पण बघा, हे बोलणारे दोघंही पुरुष आहेत. चित्रकाराला काय काय मिळालं याची मोजदाद झाली, जोसेफीनची मोजदाद कुणी केली नाही. ती खुर्चीत बसून दूर जाते आहे आणि तिला सुख मिळालं का, हे विचारायला तिच्यापर्यंत कुणी जात नाही.

हौसेला मोल नसतं, ही आपली म्हण. ओफ्युल्सच्या चित्रपटानंतर ती मला अर्धीच वाटते. हौस करणाऱ्याला मोल कळत नाही, इतकंच तिच्यात खरं आहे. मोल असतंच, ते कुणीतरी देत असतं आणि देणारी बहुधा शेजारच्याच खोलीत, दिवा बारीक करून, तो घरी येण्याची वाट पाहत असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)